ग्लिसरिनचं दव

१२ फेब्रुवारी

चि. चिमटीस, मावशीचे अनेक आशीर्वाद.

तुझी तब्येत कशी आहे? मागच्या पत्रात खोकला होता म्हणालीस, तो गेला की अजून घरात ठाण मांडून बसलाय? जावईबापूंची कंबर कशी आहे? विहीणबाईंचे गुडघे काय म्हणतात? पिल्लूचा पुढचा दात पडला की नुसताच लोंबतोय? आणि तुमचा तो बोका, त्याचं खाणंपिणं ठीक ना? असं एकेकाला विचारलं की तुमच्या घरात फिरून आल्यासारखं वाटतं. न पाहिलेलं घर आहे, तेवढीच फेरी.

मी उत्तम. दुकान उत्तम. डोळे उत्तम. तू दोनदा विचारलंस म्हणून दोनदा सांगते, डोळे उत्तम.

फोटो मिळाला. पांढरा गुलाब. मागे तू लिहिलं आहेस, 'पहाटे बागेत काढला, दव अगदी ताजं.' फोटो देखणा आहे. भिंतीवर लावला, मग काढला, परत हातात घेतला. माझ्या मनात पाल चुकचुकली ती काही गप्प बसेना.

अगं, दव पडतं तेव्हा ते निवडून पडतं का? देठावरची लव, पानाची कडा, मागची मुकी कळी, सगळ्यांना ते सारखं भिजवतं. तुझ्या फोटोत समोरच्या पाकळीवर टपोरे थेंब आणि मागची पानं ठणठणीत कोरडी. दव काय तुला विचारून पडलं? आणि थेंब तरी कसे, जड, गोल, बसल्या जागी बसून राहिलेले, लग्नातल्या पाहुण्यांसारखे. असे थेंब मी ओळखते. अर्धं ग्लिसरिन, अर्धं उकळून गार केलेलं पाणी. आधी फवाऱ्याने बारीक शिंतोडा, मग इंजेक्शनच्या सुईने एकेक मोठा थेंब. मला हे कोणी शिकवलेलं नाही. साखरेच्या पाण्याने सुरुवात केली तेव्हा मुंग्यांनी माझ्या डेझीवर वस्ती केली होती. डिंकाचं पाणी करून पाहिलं तर पाकळ्या एकमेकींना चिकटल्या. मग ग्लिसरिन सापडलं. तुझ्या आईच्या मागे मी तुला वाढवलं ते याच दुकानाच्या मागच्या टेबलापाशी. इतर पोरं खेळणी धरत, तू चिमटा धरायचीस, म्हणून तर चिमटी. पाकळी जराही न हलवता धरायचीस आणि मी सुई टेकवायची. 'थेंबात काय दिसावं ते आधी ठरवायचं, थेंबामागे ते नेमक्या जागी ठेवायचं, मग थेंब सोडायचा,' हे मी सांगितलेलं तू पाढ्यासारखं म्हणायचीस.

आणि जाताना तूच ती बाटली काउंटरवर आपटलीस. मला शब्द न् शब्द आठवतो. 'यापुढे खोट्या पाण्याला हात लावणार नाही, आणि तुझ्या या दुकानात पाऊल टाकणार नाही.' तुला खरं दव हवं होतं. बाग असलेलं घर मिळालं, बागवाला नवरा मिळाला. मी म्हटलं, जाऊ दे, पोर सुखी आहे. मग आता हे काय?

दुसरी गोष्ट. पत्राच्या शेवटी तू लिहिलंस, 'दारातली पायरी नीट करून घे, कोणीतरी पडेल.' पायरीची फरशी निसटली ती गेल्या महिन्यात. मी तुला कळवलेलं नाही. मग कोणी कळवलं? माझ्या दुकानातल्या बातम्या तुझ्याकडे कोण पोचवतंय? मला नाव हवं आहे. मी त्याला काही बोलणार नाही, फक्त बघणार आहे.

पत्राची वाट पाहते. लवकर लिही.

तुझी
मावशी

*

६ मार्च

चि. चिमटीस, अनेक आशीर्वाद.

तुझा खोकला कसा आहे? पिल्लू कसं आहे? विहीणबाई बऱ्या ना? जावईबापूंबद्दल तू या खेपेला एक ओळही लिहिली नाहीस, तेव्हा ते कसे आहेत हे जरा ठळक अक्षरात विचारते. बोक्याचंही नाव नाही.

तू लिहितेस, 'पायरी पहिल्यापासूनच डुगडुगत होती, म्हणून अंदाजाने लिहिलं.' बरं, अंदाज. आणि पुढे लिहितेस, 'संध्याकाळी बादल्या आत घेताना भिंतीला हात लावून चालत जा.' हाही अंदाजच असेल. मागच्या महिन्यात मी बादलीला अडखळले, तेव्हा रस्त्यावर फक्त एक कुत्रं होतं, आणि त्याला लिहिता येत नाही.

दुसरा फोटो मिळाला. पिवळी लिली. पुन्हा 'पहाटेचं दव.' भिंग घेऊन बसले. चिमटे, उघड्यावरच्या थेंबात सगळं आभाळ पसरलेलं दिसतं, उजेडाला कडाच नसतात. तुझ्या थेंबाच्या डोक्यावर उजेडाचा चौकोन आहे. चौकोन, आणि मधे एक काळी उभी रेघ. म्हणजे खिडकी. तुमच्या बागेला खिडकी कधीपासून बसवली?

कुठेतरी पाणी मुरतंय. तू बागेत नाहीस. मग कुठे आहेस?

आणि पाकिटावरचा पत्ता. पत्र तुझ्या हातचं, पाकिटावरचं अक्षर दुसऱ्याच कोणाचं. गोल गोल, जुन्या वळणाचं. उत्तरंही हल्ली फार उशिरा येतात. विहीणबाई आपली पत्रं फोडून वाचतात का? विहीणबाई, हे वाचत असाल तर नमस्कार, गुडघ्यांना गरम पाण्याने शेका.

बातम्या कोण पोचवतंय त्याचा माग मात्र लागला आहे. समोरचा शिंपी. तू असताना जो तुझे फ्रॉक आखूड शिवायचा, तोच. गेले काही आठवडे रोज सकाळी एक फूल घेऊन जातो. एकच. इतकी वर्षं समोरासमोर दुकानं, कधी पाकळी विकत घेतली नाही. बायको जाऊनही जमाना झाला. शेवटी काल मी विचारलंच.

"काय शिंपीबुवा, रोज एक फूल. कोणाच्या केसात?"

"टेबलावर ठेवतो."

"तुमच्या टेबलावर मशीन आहे, कात्री आहे, चहाचा कप आहे. फुलदाणी मी कधी पाहिली नाही."

"एवढ्या लांबचं दिसतं तुम्हाला?"

हे त्यांनी हळूच विचारलं. मी फूल कागदात गुंडाळलं आणि त्यांच्या वरच्या खोलीबद्दल विचारलं. खोली भाड्याने दिली म्हणे.

"हो. एक छोटं कुटुंब आहे. शांत आहेत."

"शांत कुटुंब मी आजवर पाहिलेलं नाही."

"मग आता बघा," म्हणाले आणि हसले. मला ते हसणं मुळीच आवडलं नाही. त्यांना खोकलाही झालाय वाटतं, सकाळी समोरून ऐकू येतो. फुलाला कारण असतं, हसण्यालाही असतं. मी डोळ्यात तेल घालून बसले आहे.

त्या वरच्या खोलीचा रस्त्याकडचा पडदा दिवसभर बंद असतो. सकाळी तेवढा सरकतो. मला कळतं, कारण पडदा सरकला की त्या काचेवरचा उजेड उडून माझ्या काउंटरवर येऊन पडतो, मांजरासारखा. थोडा वेळ बसतो आणि जातो. हात दाखवावा तर पलीकडचा माणूस कोण ते ठाऊक नाही, म्हणून मी नुसतं बघितल्यासारखं करते.

खरं काय ते लिही. आणि लवकर लिही.

मावशी

*

२९ मार्च

चिमटे,

तू कशी आहेस? पिल्लू कसं आहे? विहीणबाईंचं मला कळलं आहे, त्यांच्याकडूनच. जावयांची कंबर आता ज्यांनी विचारायची ते विचारतील.

हो, मी त्यांना परस्पर पत्र लिहिलं. तू चिडशील, चीड. दोन फोटो, चौकोनी उजेड, उशिरा येणारी उत्तरं, आणि तुझ्या शेवटच्या पत्रात माझ्या एकाही प्रश्नाचं उत्तर नाही, फक्त 'सगळे मजेत.' सगळे मजेत असं कुठल्याच घरात नसतं. मी सरळ विचारलं, माझी पोर तुमच्या घरात आहे का नाही? तुम्ही तिची पत्रं का फोडता?

त्यांचं उत्तर जसंच्या तसं उतरवते, म्हणजे तुला वाटायला नको की मी पदरचं घालतेय.

'घर सोडून आधी ती गेली नाही. आधी माझा मुलगा गेला. दुसरीकडे संसार मांडला. त्यानंतर ती माझ्यासाठी काही महिने राहिली, मीच म्हटलं, जा, इथे बागेला पाणी घालत वय घालवू नकोस. तुमची पत्रं मी फोडत नाही. दुसऱ्या पाकिटात घालून पुढे पाठवते, तिची तुमच्याकडे पाठवते. ती कुठे आहे ते विचारू नका, मी शब्द दिला आहे. नात हसतीखेळती आहे. बोका माझ्यापाशी आहे. गुडघे तसेच. तुम्ही स्वतःला सांभाळा.'

हे वाचून मी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं आणि आत स्टुलावर बसले. एक गिऱ्हाईक वाकून आत बघत म्हणालं, "उघडं आहे का बंद?" मी म्हटलं, "मलाच ठरवू दे आधी."

विहीणबाईंवर मी उगीच संशय घेतला. बाई सरळ आहे. पण तेवढ्याने माझा संशय निवला असं समजू नकोस, त्याला आता बसायला जागाच उरली नाही, म्हणून तो सगळीकडे फिरतोय. पोस्टमनला गाठलं. म्हटलं, "माझ्या विहिणीच्या अक्षरातली पाकिटं आणखी कुठे टाकतोस का रे?" तो सायकलच्या घंटीकडे बघत म्हणाला, "मावशी, पत्ता वाचणं माझं काम, सांगणं नाही." आता याचा अर्थ काय घ्यायचा? ज्याला काही ठाऊक नसतं तो 'नाही' म्हणतो. हा घंटी पुसत बसला.

शिंप्याला विचारलं, "माझ्या भाचीशी तुमचा पत्रव्यवहार आहे का?" ते म्हणाले, "मला बटणं लावायला वेळ नाही, पत्रं कुठून लिहू?" हेही खोटं नसावं. तरी फूल नेतातच. परवा लाल जर्बेरा नेला, आणि 'जरा ताजा द्या, फोटोत मान टाकायला नको' असं बोलून गेले. लगेच म्हणाले, "म्हणजे फुलदाणीत."

रात्रंदिवस एकच विचार. कुठे असशील? कोणाच्या आधाराने? पिल्लूला कोणाजवळ ठेवून कामाला जात असशील? रस्त्यावर लहान पोराचा आवाज आला तरी माझी कात्री थांबते. फुलं विकणाऱ्या बाईने असं वागून चालत नाही, गिऱ्हाइकाला वाटतं देठ मोजतेय.

मला तुझी कैफियत नको आहे. कोण चुकलं, कोण बरोबर होतं, त्याचा निवाडा करायला मी बसलेली नाही. तू कुठे आहेस एवढंच सांग. बाकी सगळं लपव, माझी हरकत नाही.

हे पत्रही विहीणबाईंच्या वळशानेच जाईल. म्हणून आणखी लवकर लिही.

मावशी

*

१७ एप्रिल

चिमटे,

तू कशी आहेस? पिल्लू कसं आहे? तुम्हा दोघींच्या तब्येतीशिवाय आज मला काही विचारायचं नाही. खोकल्याचं तर विचारतच नाही. का ते पुढे सांगते.

तुझा फोटो काल मिळाला. लाल जर्बेरा, त्यावर एकच मोठा थेंब. मागे दोन ओळी. 'आम्ही दोघी बऱ्या आहोत. शोधू नकोस.' या वेळी पहाट नाही, बाग नाही, दव नाही. निदान ते खोटं तरी संपलं, असं म्हणून मी फोटो काउंटरवर ठेवला आणि रागाने बादल्या घासल्या. घासून झाल्यावर राग उरला नाही, म्हणून भिंग घेतलं.

आधी देठ दिसला. फोटोच्या खालच्या कोपऱ्यात, धूसर. जर्बेऱ्याची मान वाकते म्हणून मी तिला बारीक तार लावते, वर हिरवी पट्टी गुंडाळते. सगळे फुलवाले लावतात. पण मी डावखुरी. माझी पट्टी उलट्या बाजूने फिरते आणि शेवटचं टोक मी आत खोचते, तू लहानपणी ते उपटून काढायचीस म्हणून लागलेली सवय. तुझ्या जर्बेऱ्याची पट्टी उलटी फिरलेली आहे आणि टोक आत खोचलेलं आहे. हे फूल माझ्या हातचं आहे. लाल जर्बेरा मार्चच्या शेवटी माझ्याकडून एकाच माणसाने नेला होता, टेबलावर ठेवायला.

मग मी फोटो उलटा धरला. थेंबात जग उलटं दिसतं, ते सुलटं करायचं तर फोटो उलटा करायचा, हे तुला मी सांगायला नको. खिडकीचे गज दिसले. गजांच्या पलीकडे रस्त्याची फिकट पट्टी. तिच्या पलीकडे निळे पांढरे पट्टे. असलं कापडी छप्पर कुठल्याही दुकानापुढे असतं, म्हटलं मनाला आवर. पण पट्ट्यांच्या मधोमध एक पिवळा चौकोन होता. वाऱ्याने माझं छप्पर फाटलं ते तू गेल्यानंतर. शिंप्याकडे निळं कापड संपलं होतं, म्हणून त्यांनी पिवळं ठिगळ लावलं. मी महिनाभर त्यांना बोल लावत होते की दुकानाच्या कपाळावर बँडेज चिकटवलंत. तू ते ठिगळ कधी पाहिलेलंच नाहीस, चिमटे. निदान मला तसं वाटत होतं.

आणि छपराखाली एक ठिपका. भिंग जवळ नेलं, श्वास रोखला. ठिपका वाकलेला आहे. पुढ्यात बादली आहे. एक हात भिंतीला लावलेला आहे.

ती मी.

किती वेळ बघत बसले कोण जाणे. एक गिऱ्हाईक आलं आणि स्वतःच फूल उचलून गेलं.

थेंबात काय दिसावं ते आधी ठरवायचं, थेंबामागे ते नेमक्या जागी ठेवायचं, मग थेंब सोडायचा. तुझ्या हातून चुकून थेंबात काही शिरेल यावर माझा विश्वास नाही. मी बादली उचलायला येईपर्यंत तू सुई धरून थांबली असशील. मागच्या बाजूला 'शोधू नकोस' लिहिलंस आणि पुढच्या बाजूला पत्ता. हा संशय आहे माझा. खोटा असेल तर तसं सांग, पण समोर येऊन.

म्हणजे पायरीची बातमी कोणी पोचवली नव्हती. बादलीचीही नाही. आणि तो खोकला, जो मी रोज सकाळी शिंप्याचा समजून त्यांना अडुळशाची बाटली घ्या म्हणून सांगत होते, आणि ते बिचारे मान हलवून "घेतो, घेतो" म्हणत होते. आज सकाळी ते फूल न्यायला आले तेव्हा मी फक्त म्हटलं, "खोकला कसा आहे?" ते म्हणाले, "आता बराच कमी आहे." मग माझ्याकडे पाहिलं आणि त्यांची नजर जमिनीवर गेली.

"शिंपीबुवा, किती दिवस?"

"बाई, मला फूल द्या आणि सोडा. मला दोन्हीकडून शपथा आहेत."

"माझी कुठली शपथ?"

"तुमच्या डोळ्यांचं तिला सांगू नका म्हणाला होतात ना."

तर तेही सांगून टाकते, कारण वरून तू ते केव्हाच पाहिलेलं आहेस. डोळे उत्तम नाहीत. दोन्हींत मोतीबिंदू आहे. डॉक्टर म्हणाले, या प्रकारात लांबचं पुसट होत जातं आणि जवळचं काही काळ पूर्वीपेक्षा स्वच्छ दिसतं. म्हणून तर रस्त्यापलीकडच्या खिडकीतली तू मला दिसली नाहीस आणि टाचणीच्या डोक्याएवढ्या थेंबातली मी दिसले. पुढच्या महिन्यात एका डोळ्याचं करायचं म्हणतात. मी पुढे ढकलत होते. डोळ्याला पट्टी असताना दुकान कोण उघडेल, तार कोण गुंडाळेल, हे काही सुचत नव्हतं. तुला लिहिलं असतं तर तू कीव करून आली असतीस, आणि कीव करून आलेलं माणूस मला नको होतं. तुलाही बहुतेक माझं तसंच काहीसं नको असेल. आपण एकाच टेबलापाशी वाढलेल्या.

आता मुद्द्याचं. जाताना तू दोन शब्द दिले होतेस. खोट्या पाण्याला हात लावणार नाही, हा एक. तो मोडलास, बरं केलंस, थेंब सुरेख आहे. दुसरा मात्र मोडू नकोस. दुकानात पाऊल टाकणार नाही म्हणालीस ना, नको टाकूस. मी आज छपराखाली, बाहेर, फूटपाथवर दोन स्टुलं मांडली आहेत. एक बुटकं स्टूल वेगळं ठेवलं आहे, पिल्लूचे पाय टेकतील असं. फूटपाथ दुकानात मोडत नाही. नगरपालिकेचा माणूस गेल्या वर्षी हेच ओरडून सांगत होता, तेव्हा मी त्याच्याशी भांडले होते. आता मला त्याचं म्हणणं पटलं आहे.

हे पत्र पोस्टात टाकत नाही. उद्या सकाळी शिंपी येतील तेव्हा फुलाच्या कागदात गुंडाळून देईन. पांढरा गुलाब आहे, बाहेरच्या राठ पाकळ्या विकताना काढतो तशा मी काढलेल्या नाहीत, तुझ्या हाताने काढ. विहीणबाईंनाही मी वेगळं लिहिते आहे, इकडे चार दिवस राहायला या म्हणून, बोक्यासकट.

उत्तर लवकर दे. लिहायला जमलं नाही तर सकाळी पडदा सरकव आणि थोडा वेळ तसाच राहू दे. उजेड माझ्या काउंटरवर येऊन बसतो. तेवढं मला अजून दिसतं.

तुझी
मावशी